एर्न्स्ट त्सौगचं सुरक्षित गाठोडं

"अपघात घडत नसतो. तो घरून बांधून नेला जातो!"

गेर्समूस गावच्या नेमबाज मंडळाचा नवा प्रमुख एर्न्स्ट त्सौग याने खानावळीच्या बाकावर उभं राहून हे वाक्य बैठकीत उच्चारलं. एवढं भारदस्त वाक्य स्वित्झर्लंडमधल्या एमेंटालच्या डोंगरात याआधी कुणी बोललं नसावं. एर्न्स्टने वाक्याचा परिणाम होऊ दिला, सगळ्यांकडे एकदा शांतपणे पाहिलं, आणि बाकावरून उतरताना डावा पाय फ्रित्स लूथीच्या बटाट्याच्या सॅलडमध्ये ठेवला.

"हा पाय पण घरूनच बांधून आणलास का रे?" फ्रित्सने विचारलं.

फ्रित्सने आयुष्यभर चीज बनवण्याचं काम केलं होतं, आणि मंडळाचं प्रमुखपद आपल्यालाच मिळणार असं धरून त्याने नवीन टोपीही घेतली होती. पद गेलं एर्न्स्टकडे. टोपी पडून होती.

एर्न्स्टची हयात पोस्टात पार्सलं बांधण्यात गेली. निवृत्त झाल्यावर पार्सलं थांबली, पण हात थांबेनात. सहलीला निघताना तो मिठाची पुडी कागदात, कागद डब्यात आणि डबा पिशवीत घालून पिशवीला अशी गाठ मारायचा, की मीठ बाहेर येईपर्यंत लोकांची उकडलेली अंडी अळणीच खाऊन संपलेली असायची. पण मीठ सांडलं असं मात्र कधी झालं नाही!

"येत्या रविवारी आपण हिंटरएगच्या रेंजवर जातोय," एर्न्स्टने बूट पुसत पुढे सांगितलं. "नीट ऐका. रायफल म्हणजे देह आणि बोल्ट म्हणजे आत्मा. आत्मा काढून घेतला की देह निरुपद्रवी! तेव्हा रायफली मंडळाच्या गाडीतून जातील आणि सगळ्यांचे बोल्ट वेगळे, माझ्या घरच्या गाडीतून. गोळ्या तर तिथेच मिळतात. देह, आत्मा आणि गोळी यांची गाठ रेंजच्या आधी पडता कामा नये!"

बोल्ट म्हणजे रायफलीच्या मागचा तो पुढेमागे सरकणारा पोलादी तुकडा. तो काढला, की रायफल आणि टेकायची काठी यांत फरक एवढाच, की काठी हलकी असते. गेर्समूसमध्ये घरोघरी रायफल कपाटात आणि बोल्ट दुसरीकडे कुठेतरी, ही पद्धत जुनीच. फ्रित्सचा बोल्ट चीजच्या तळघरात असायचा. एर्न्स्टच्या बायकोचा, ट्रूडीचा, पिठाच्या पिंपात. ट्रूडीचा नेम एर्न्स्टपेक्षा चांगला होता, पण हा विषय घरात निघत नसे. मात्र गावचे सगळे बोल्ट एका जागी गोळा करायचे, ही कल्पना खास एर्न्स्टची.

"म्हणजे आम्ही सगळे प्रेतं घेऊन निघायचं?" फ्रित्स म्हणाला. "आणि तुझा आत्म्यांचा टेम्पो वाटेत बंद पडला तर?"

"अरे, आपल्यातला एक जण जरी नेम न धरता परत आला ना," एर्न्स्ट पुन्हा बाकावर चढू लागला, पण ट्रूडीने त्याचा कोट धरून ठेवला, "तर त्याच दिवशी, त्याच जागी मी हे पद सोडीन!"

फ्रित्सला टोपीची आठवण झाली.

हिंटरएगला सबंध खोऱ्यातली मंडळं यायची. गावाचे सगळे नेमबाज हजर राहून नेम धरतात की नाही, हे तिथे नेम लागण्याइतकंच मोलाचं. आणि वेळ फक्त दुपारी बारापर्यंत. बाराला चर्चची घंटा झाली की या देशात रविवारी माशीसुद्धा पंख आवरून बसते, मग रायफलीची काय कथा!

रविवारी सकाळी एर्न्स्टने बोल्ट गोळा केले, तेल पुसलं, आणि खणखणू नयेत म्हणून त्यांची एकत्र मोळी बांधून ती ट्रूडीच्या पांढऱ्या कापडात गुंडाळली. मग त्याला खरी चिंता पडली. गाडीच्या काचेतून कुणी पाहिलं तर?

इथे त्याची प्रतिभा जागी झाली. ट्रूडीने त्या दिवशी पहाटे उठून वेणीसारखा गुंफलेला मोठा पाव भाजला होता. प्रभुभोजनाचा, म्हणजे चर्चमध्ये पाव मोडून सगळ्यांना वाटण्याचा रविवार होता आणि चर्चचा पाव या वेळी त्सौगांच्या घरचा होता. तो पाव तशाच पांढऱ्या कापडात मागच्या सीटवर ठेवला होता. एर्न्स्टने बोल्टांचं गाठोडं बरोबर त्याच्या शेजारी ठेवलं. लांबी तीच, जाडी तीच, गाठही तीच! बघणाऱ्याला दोन पाव दिसणार. जगातला कोणता चोर पाव चोरायला काच फोडील?

"बोल्ट कुठे ठेवलेस?" ट्रूडीने विचारलं.

"गाडीत आहेत. कुठे ते विचारू नकोस. तुला माहीत नाही, म्हणजे तुझ्या तोंडून फुटणार नाही."

"माझ्या तोंडून आजवर काय फुटलंय रे?"

"म्हणूनच म्हणतो, हा विक्रम मोडायला नको!"

एर्न्स्ट रायफलींबरोबर मंडळाच्या गाडीतून पुढे गेला. ट्रूडी घरची गाडी घेऊन मागून निघाली आणि वाटेत चर्चपाशी थांबली. चर्चचा सेवक बेंडिख्ट धावत आला. "मागच्या सीटवर आहे, घे," ट्रूडी स्टिअरिंगवरूनच म्हणाली. त्याने दार उघडलं, एक गाठोडं उचललं आणि क्षणभर तो कमरेत वाकला. ट्रूडीला वाटलं, बिचाऱ्याचं वय झालं. बेंडिख्टला वाटलं, या वेळी पाव फुगलेला दिसत नाही. दोघंही सभ्य माणसं. दोघंही काही बोलली नाहीत.

हिंटरएगच्या रेंजवर दारातच रेगुला उभी होती. नारिंगी जॅकेट घातलेली, तिथल्या सुरक्षेची प्रमुख. तिच्यासमोरून बोल्ट उघडा दाखवल्याशिवाय मुंगीसुद्धा पुढे जात नसे. आत दुसऱ्या गावाचे बार धडधडत होते. नियमाप्रमाणे एर्न्स्टने आवाज अडवणारे इअरमफ कानांवर चढवले, मग रेगुलाशी बोलायला एका कानावरचा जरासा वर केला.

"बोल्ट?" रेगुलाने रायफलींच्या रिकाम्या पोटांकडे बघत विचारलं.

"आत्म्यांचं वाहन आलेलंच आहे," एर्न्स्ट ऐटीत म्हणाला. तेवढ्यात ट्रूडी गाठोडं घेऊन आली. ते तिच्या हातात फुलासारखं हलकं दिसत होतं, पण एर्न्स्टचं लक्ष रेगुलाच्या चेहऱ्यावर होतं. "आता बघ. याला म्हणतात बांधणी!" असं म्हणून त्याने टेबलावर कापड सोडलं.

आत पाव होता. सोनेरी, चकचकीत, अंड्याचा हात फिरवलेला.

रेगुलाने तो नीट न्याहाळला. "चोवीस वर्षं मी या दारात उभी आहे," ती म्हणाली, "पण इतक्या सुरक्षित रायफली पाहिल्या नव्हत्या. अगदी लक्ष्यालासुद्धा यांच्यापासून काही धोका नाही."

"एर्न्स्ट," ट्रूडीने हळूच विचारलं, "मागच्या सीटवर दोन गाठोडी होती?"

एर्न्स्टचा चेहरा पावाच्या आतल्या भागासारखा पांढरा झाला.

"मग बेंडिख्टने..." ट्रूडीने तोंडावर हात ठेवला. "अरे देवा! प्रभुभोजनाच्या टेबलावर!"

फ्रित्स म्हणाला, "म्हणजे पाळकबाई आज कापड बाजूला करणार, पाव मोडायला हात घालणार, आणि हातात येणार माझा बोल्ट. चांगलाय. निदान त्याला चीजचा वास तरी आहे!"

फोन लावले. चर्चमध्ये सगळ्यांचे बंद. एर्न्स्टने पाव काखेत मारला आणि ट्रूडीच्या गाडीत उडी घेतली. घाईत इअरमफ काढायचे राहिले, आणि वर केलेलाही घसरून पुन्हा कानावर घट्ट बसला. पुढे घाटात दुधाचा ट्रॅक्टर लागला. ट्रूडीने आधी हॉर्न वाजवला, मग नवऱ्याकडे पाहिलं. त्याला काही ऐकू येत नाहीये, हे तिच्या लक्षात आलं. लग्नानंतर अशी संधी प्रथमच आली होती! तिने मिठाच्या पुडीपासून सुरुवात केली आणि चर्चचा मनोरा दिसेपर्यंत एकही वर्ष वगळलं नाही. एर्न्स्ट मान हलवत राहिला. त्याला वाटलं, ती धीर देतेय.

"धन्यवाद, ट्रूडी!" उतरताना तो गदगदून म्हणाला.

चर्चमध्ये प्रवचन नुकतंच संपलं होतं. डोक्यात फक्त स्वतःच्या छातीचे ठोके असल्यामुळे एर्न्स्टला वाटलं, सगळीकडे सामसूम आहे, सगळे डोळे मिटून बसलेत, आपण अलगद जाऊन गाठोडं बदलू आणि तसेच बाहेर पडू. नेमबाजीचं कातडी जाकीट करकरत होतं. बुटांचे खिळे दगडी फरशीवर घोड्यासारखे वाजत होते. रांगारांगांतली डोकी वळत होती. एर्न्स्ट चवड्यांवर चालत असल्यामुळे निश्चिंत होता.

टेबलावर पांढऱ्या कापडातलं गाठोडं होतं. कापड अजून उघडलेलं नव्हतं! त्याच्या जिवात जीव आला. शेजारी बेंडिख्ट उभा होता. एर्न्स्ट त्याच्या कानाशी वाकला आणि कुजबुजला. म्हणजे त्याच्या मते कुजबुजला.

"बेंडिख्ट! यात पाव नाहीये! बोल्ट आहेत बोल्ट! अख्ख्या गावाचे!"

हे वाक्य घुमटापर्यंत गेलं, तिथून परत आलं आणि शेवटच्या रांगेतल्या बहिऱ्या आजोबांनाही पोचलं.

पाळकबाईंनी शांतपणे आपल्या कानांकडे बोट दाखवलं. एर्न्स्टने ओशाळून टोपी काढली. बाईंनी मान हलवली आणि पुन्हा कानांना हात लावला. एर्न्स्टने जाकीट काढायला घेतलं. शेवटी बेंडिख्टने पुढे होऊन त्याच्या एका कानावरचा इअरमफ उचलला, आणि त्याच क्षणी सबंध चर्चचं हसू एर्न्स्टच्या कानात एकदम शिरलं.

"एर्न्स्ट," पाळकबाई म्हणाल्या, "बरं झालं आलात. मी थोड्याच वेळात हे मोडायला घेणार होते."

"ताई, माफ करा. पाव हा इथे आहे. ताजा आहे. ट्रूडीने केलाय."

"मला वाटलंच," बेंडिख्ट पुटपुटला. "उचललं तेव्हा वाटलं, ट्रूडीचा हात बिघडला. पण असं बाईमाणसाला कसं सांगणार?"

"बाराच्या आत सगळ्यांचं व्हायला हवं ना?" बाई म्हणाल्या. "माझे निम्मे लोक आज तुमच्या रेंजवर आहेत, हे का मला माहीत नाही? तो पाव ठेवा. ते घ्या. आणि पळा!"

एर्न्स्ट पळाला. गाठोड्याचं वजन काय असतं ते त्याला आत्ता कळलं.

रेंजवर नवीच अडचण उभी राहिली. प्रत्येक बोल्टवर त्याच्या रायफलीचा नंबर कोरलेला होता, पण आकडे मुंगीएवढे आणि मंडळातल्या बहुतेकांचे चष्मे गाडीत. प्रत्येक जण बोल्ट हातभर लांब धरून डोळे बारीक करत होता. फ्रित्सने मात्र एकेक बोल्ट नाकाला लावला आणि तिसऱ्यालाच, "हा माझा!" म्हणून उचलला. रेगुलाने नंबर पडताळला. बरोबर होता.

"ज्याचा जुळला तो पुढे!" एर्न्स्ट ओरडत होता. "रायफल समोर! नळी लक्ष्याकडे! मी सांगेपर्यंत बोटं चापाबाहेर!" स्वतःचा बोल्ट त्याने बाजूला ठेवला. आधी बाकीचे. एक झाला, दुसरा झाला. ट्रूडी चटईवर आडवी झाली, सगळे बार मधोमध लावून उठली, आणि नवऱ्याकडे न बघता जागा मोकळी करून गेली. फ्रित्स झाला. शेवटच्या माणसाने शेवटचा बार काढला. एर्न्स्टने आपली रायफल उचलली, चटईवर गुडघा टेकवला...

खालच्या खोऱ्यातून घंटा आली. टण्ण.

"थांबा!" रेगुला म्हणाली. "बंद."

"रेगुला, फक्त मीच राहिलोय गं."

"एर्न्स्ट, तू नियमाचा माणूस आहेस ना?"

एर्न्स्टने बोल्ट काढला, रायफल रिकामी असल्याचं दाखवलं आणि उठला. कुणाला खरचटलं नव्हतं. गावचे बोल्ट हरवले नव्हते. पाळकबाईंचा पाव वाचला होता. त्याला वाटलं होतं, आपल्याला फार वाईट वाटेल. पण आत कुठेतरी एक मोठं गाठोडं सुटल्यासारखं हलकं वाटत होतं.

तरी शब्द म्हणजे शब्द. झाडाखाली मंडळ जमलं होतं. शेगडीवर सॉसेज तडतडत होती, बिअर ओतली जात होती. एर्न्स्ट टेबलापाशी जाऊन उभा राहिला आणि त्याने घसा खाकरला.

"मित्रांनो. मी म्हटलं होतं, एक जण जरी नेम न धरता परत गेला तर पद सोडीन. तो एक जण मीच आहे. आज माझ्यामुळे तुमची धावपळ झाली, चर्चमध्ये आपली शोभा झाली. मी प्रमुखपद सोडतोय. आत्ता. या जागी." त्याने फ्रित्सकडे पाहिलं. "माझ्यानंतर हे काम फ्रित्सने करावं, असं मला वाटतं. फ्रित्स, तू बोल."

सगळ्या माना फ्रित्सकडे वळल्या. ट्रूडीने काटा खाली ठेवला. फ्रित्सच्या तोंडात घास होता. त्याने तो सावकाश चावला, गिळला, एर्न्स्टकडे वर पाहिलं आणि हात पुढे केला.

"प्रमुख, ती मोहरीची बाटली जरा इकडे सरकव ना."