दिगंबरकाकांची डुक्कर फियाट

दिगंबरकाका रोज सकाळी गाडीत बसून गल्लीतल्या सायकलवाल्यांना हॉर्न द्यायचे. गाडी त्यांच्याच अंगणात विटांवर उभी असायची, तरी पोरं बिचारी बाजूला व्हायची.

भूकंपानंतरची ती वर्षं. लातुरात क्लासेसचं पेव फुटलेलं. आम्ही सगळ्यांनी बारावीच्या पोरांना खोल्या दिल्या. मी तर देवघरसुद्धा दिलं, खोटं कशाला बोलू. काका मोजणी खात्यातून रिटायर झाले तेव्हा वाटलं, आता हेही अंगणात खोल्या काढणार. काकांनी नांदेडहून ट्रॅक्टरला बांधून जुनी, गोल पाठीची डुक्कर फियाट आणली. तिच्यात आधीच्या मालकाच्या कोंबड्या राहायच्या.

नांदेडला काकांचे जावई. ते म्हणाले, "मामा, भंगारात घालायला नेऊन राहिले का?" काकांना ते लई झोंबलं. "हीच गाडी चालवत त्याच्या दारात जातो का न्हाई बघ," हे मला दिवसाआड ऐकावं लागे.

"काम मामुली हाय," म्हणत काका भिडले. पिसं झाडण्यातच आठवडा गेला. बंपर चिंचेनं घासला. विहिरीच्या मोटारीचा उरलेला हिरवा रंग दारांना फासला. जन्म मोजणीत गेलेला माणूस. त्यांनी टेप लावून गाडीची चतुःसीमासुद्धा वहीत लिहिली. पूर्वेस हौद, पश्चिमेस तुळस, दक्षिणेस माझी भिंत. वर मलाच विचारलं, "तुझी काही हरकत?"

भूकंपापासून सुमनकाकूंचा स्लॅबखाली डोळा लागत नसे. स्वयंपाकही अर्धं लक्ष दाराकडं ठेवून. गाडी आली आणि काकू रोज दुपारी मागच्या सीटवर चक्क घोरायला लागल्या.

"काका, ही मोटार हाय का पलंग?" मी विचारलं.

"नांदेडची सीट धरून ठेवलीय तिनं," काका म्हणाले.

शेवटी नायगावचा मिस्त्री आला. तीन दिवस बॉनेटमध्ये डोकं घालून होता. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यानं हँडल मारलं आणि गाडी घरघरत सुरू झाली. माझ्या फडताळातली भांडी वाजायला लागली. मग काय, अख्खी गल्ली रस्त्यावर. माझ्याकडची पोरं हातात ताट घेऊन, मी अर्ध्या दाढीचा साबण तोंडाला लावून. तेव्हा आम्हाला सवयच होती ती. भांडं वाजलं की आधी पळायचं, मग विचारायचं. गाडीचा प्रताप आहे हे कळल्यावर मात्र सगळे पोट धरून हसले. काका स्टिअरिंग धरून नवरदेवासारखे बसले होते.

मग त्यांनी मागं पाहिलं. काकू झोपेतून उठून ताठ बसल्या होत्या, दोन्ही हातांनी दार धरून. "थांबलं का हो?" त्यांनी विचारलं.

काकांनी गाडी बंद केली. चावी मिस्त्रीच्या हातात ठेवली आणि म्हणाले, "इंजिन उतरव."

मिस्त्री बघतच राहिला. "आत्ता कुठं लागली, काका. एक चक्कर तर मारा."

काका उतरून मागच्या सीटवर काकूंच्या शेजारी जाऊन बसले. मला तोंडावरचा साबण पुसायचंही सुचेना. वाईट वाटलं, खरंच फार वाईट वाटलं. "आन् जावई?" मी विचारलं.

"त्याच्याकडं यष्टीनं जाऊ," काका म्हणाले. "हिला दुसरीकडं झोप लागत न्हाई."