घोटराचा तिसरा नमुना

कोणत्याही गोष्टीचा उद्धार करायचा असेल, तर ती आधी रीतसर उपेक्षित असावी लागते. नुसतं कोणी विचारत नाही एवढ्याने भागत नाही. कोणी विचारत नाही याची कागदावर नोंद लागते. ती ठेवण्यासाठी त्या डोंगराळ गावात 'उपेक्षित फळे व भाजीपाला उत्कर्ष कार्यालय' नावाची दोन मजली इमारत होती आणि तिच्यात एकवीस माणसं या उपेक्षेची मनापासून काळजी घेत होती. बारा वर्षांत कार्यालयाने डोंगरातली चौतीस फळं आणि एकोणीस भाज्या तपासल्या. उपेक्षित ठरली त्रेपन्न. उत्कर्ष झाला एकाचा (आधीच्या साहेबांचा, ते बढतीवर मुख्यालयात गेले).

या कार्यालयावर नमुना कारकुनाचा फार जीव. तळमजल्यावरच्या बिनखिडकीच्या खोलीत बसून आलेल्या फळांचं वजन करायचं, चिठ्ठी चिकटवायची आणि वहीत सही करायची, हे त्याचं काम. विश्वास इतका, की त्याने सख्ख्या मावशीला अर्ज करायला लावला.

मावशीच्या उतारावर घोटराची चाळीस झाडं होती, तिच्या सासूने लावलेली. घोटर म्हणजे मुठीएवढं तपकिरी फळ. झाडावरून उतरवलं की दगड. चावलं तर जीभ टाळूला चिकटते. मग ते पंधरा दिवस पेंढ्यात ठेवायचं. तिथे ते काळं पडतं, सुरकुततं, बोट लावलं की दबतं, आणि नेमका तेव्हाच आतला गर मधासारखा होतो. थोडक्यात, सगळ्यात वाईट दिसतं तेव्हा घोटर सगळ्यात चांगलं लागतं. (कार्यालयात बरोबर याच्या उलट रीत असल्याने दोघांचं पहिल्यापासून जमलं नाही.)

अर्जाच्या पाठीमागचं बारीक अक्षर कारकुनाने वाचलं नव्हतं. तीनदा नापास झालेलं पीक तोडून त्या जागी 'सुधारित पर्याय' लावणं अर्जदारावर बंधनकारक होतं. सुधारित पर्याय म्हणजे सफरचंद. त्याची रोपं कार्यालयाच्या मागच्या अंगणात आधीच येऊन उभी होती. निकाल लांबला तर बिचारी वाळली असती, त्यामुळे समितीला घाई करणं भागच होतं.

समितीत तिघे: साहेब, एक तज्ज्ञ, आणि त्या तज्ज्ञावर लक्ष ठेवायला दुसरे तज्ज्ञ. नियमाप्रमाणे नमुना तोडल्यापासून चोवीस तासांत चाखायचा. तिघांनी एकेक तुकडा चावला. साहेबांना दुपारपर्यंत कोणावर नीट ओरडता येईना. शेरा पडला: 'मानवी सेवनास प्रतिकूल.'

दुसऱ्या खेपेला कारकुनाने पेंढ्यातली घोटरं आणली. तज्ज्ञांनी डबा उघडला, लगेच बंद केला, 'कुजलेला' असा शिक्का मारला आणि नमुना चुना टाकून पुरायला लावला. अहवालात म्हटलं: 'फळ ताजे असता तुरट व पिकले असता कुजके आढळते. मधल्या एखाद्या वेळी ते खाण्याजोगे होत असल्यास ती वेळ कार्यालयीन नसावी.'

"पिकताना बघत पंधरा दिवस थांबा म्हणावं त्यांना," मावशी म्हणाली. "मी वर्षभर थांबते की झाडाशी."

"अगं, थांबायचा रकानाच नाहीये अर्जात."

"मग जाणार का रे माझी झाडं?"

लहानपणी दर थंडीत त्या पेंढ्यात कोपरापर्यंत हात घालून कारकुनाने घोटरं शोधली होती. त्याला स्वतःची लाज वाटली. आपणच हौसेने कुऱ्हाड आणून दिली, असं वाटलं.

तिसऱ्या चाचणीला त्याने डोकं लढवलं. मावशीने सालं काढून नुसता गर बारा वाट्यांत भरला. कारकुनाने वाट्या बैठकीच्या टेबलावर मांडल्या, शेजारी चमचे ठेवले आणि तोंडातून अक्षर काढलं नाही. समिती आली. साहेबांनी सहज चमचा घातला. मग तज्ज्ञांनी. मग बराच वेळ खोलीत फक्त चमच्यांचा आवाज होता. बाराव्या वाटीवरून दोन तज्ज्ञांत पहिल्यांदाच मतभेद झाला.

"कुठल्या दुकानातून आणलंत हो हे?" साहेबांनी विचारलं.

"दुकानातलं नाही, साहेब. हेच घोटर. हाच तिसरा नमुना." कारकुनाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

साहेबांनी तोंड पुसलं. "बरं. नमुना कुठाय?"

"आपण खाल्लात, साहेब."

"आपण नमुने खात नाही. तपासतो."

तज्ज्ञांनी नियमावली काढली. चाखण्यास परवानगी पंचवीस ग्रॅमची. बाकीचा नमुना सीलबंद करून जपायचा. सील करायला वाट्यांत काही उरलं नव्हतं (वाट्या धुवायचीही गरज नव्हती). एकमताने शेरा लिहिला गेला: 'तिसरा नमुना उपलब्ध झाला नाही. पीक नापास.' खाली सही लागत होती नमुना कारकुनाची. त्याने केली. नेहमीसारखी वळणदार आली.

एकोणचाळीस झाडं तोडली गेली. घरामागचं एक राहिलं, कारण मोजणीची टेप तिथवर पुरली नाही. कार्यालयाने वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर घोटराचं रंगीत चित्र छापलं आणि खाली लिहिलं, 'विस्मृतीत चाललेला ठेवा'. ते पाहून पुष्कळ सुजाण माणसं हळहळली. तुम्हीही हळहळत असाल; माणूस म्हणून ते शोभतंच.

त्या एका झाडाची घोटरं घेऊन मावशी बाजाराच्या पायरीवर बसते. परवा हातात सफरचंदांची पिशवी घेतलेलं कुणीतरी तिच्यापाशी थांबलं होतं. एक घोटर बोटाने दाबून पाहिलं, "कुजकी कशाला विकता हो आजी?" असं विचारलं आणि बोट रुमालाला पुसत पुढे निघून गेलं. समितीने निदान खाऊन तरी पाहिलं होतं. पण तुम्ही घाबरू नका. मावशीला चेहरे लक्षात राहत नाहीत.