लायलचा चांगला गुडघा

लायल हार्टसेलनं त्या खुर्चीला लाथ घातली तेव्हा रस्त्यावर काळं कुत्रं नव्हतं. असतं कोणी तर हात धरून अडवलं असतं त्याला, आणि पुढचं सगळं रामायण टळलं असतं.

झालं असं, की ऐन डिसेंबरात आमच्या ब्रॅडनर हॅमर्स या फुटबॉल संघाच्या क्वार्टरबॅकचा खांदा निखळला. चेंडू फेकायला माणूस नाही म्हणून थेट टेक्सासहून लायलला आणला. एके काळी मोठ्या लीगमध्ये गाजलेला गडी. पण आता वय एकोणचाळीस, डाव्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झालेली, वर्षभर घरी बसून होता. कोच स्टॅनिकनं पहिल्याच दिवशी तोंडावर सांगितलं, शुक्रवारपर्यंत बघतो. गुडघा धड निघाला तर ठेवतो, कुरकुरला तर परतीचं तिकीट. आता इथून परत गेलो तर पुन्हा कोणी हाक मारणार नाही, हे लायलला पक्कं ठाऊक होतं.

सोमवारी रात्रभर बर्फ पडला. मंगळवारी दुपारी सराव आटपून लायल आमच्या चढावरच्या गल्लीत आपल्या खोलीवर आला, तर गाडी लावायला कुठं जागाच नाही. दोन्ही कडांना बर्फाचे ढीग. फक्त एक जागा कोणीतरी फावड्यानं खरवडून लख्ख केलेली, आणि तिच्या मधोमध स्वयंपाकघरातली एक जुनी लाकडी खुर्ची. आमच्याकडे ज्यानं बर्फ उपसला जागा त्याची, आणि खुर्ची ही त्याची खूण. पण टेक्सासच्या माणसाला वाटलं, कोणीतरी मोडकी खुर्ची फेकून दिलीय. उचलायला गेला, हलेना. पाय बर्फात गोठून बसलेले.

आता गंमत बघा. खेळाचं नाव फुटबॉल असलं तरी क्वार्टरबॅकचा सगळा जन्म चेंडू फेकण्यात जातो, लाथ मारायची त्याच्यावर वेळच येत नाही. लायलनं उजव्या पायानं लाथ हाणली. काडकन आवाज झाला. खुर्चीचा एक पाय मोडला आणि लायलच्या पायाचा अंगठाही. खुर्ची आडवी झाली, पण मोडलेला पाय खुंटासारखा बर्फात उभाच. त्यावर गाडी घालून टायर कोण फाडून घेणार? लायलनं गाडी खाली चर्चच्या आवारात नेऊन लावली आणि लंगडत चढ चढून वर आला.

वाटेत बेकरी लागते. कॉफी घ्यायला आत शिरला, तर सगळ्यांच्या माना वळल्या. चेहऱ्याकडे कोणी बघेना, सगळे गुडघ्याकडे. बेकरीवाल्या ऑगीनं विचारलं, काय झालं. लायल खरं ते सांगणारच होता, पण तेवढ्यात मागच्या टेबलावरचं बोलणं त्याच्या कानावर आलं. डोलोरेसबाईंची खुर्ची कोणीतरी लाथाडली म्हणे. सत्त्याहत्तर वर्षांची बाई, सकाळभर फावडं मारून जागा केली, हक्काची खुर्ची ठेवली आणि बहिणीकडे गेली, तर मागं हा अधर्म. मागं एकानं अशीच खुर्ची हलवली होती. लोकांनी त्याच्या गाडीवर नळीनं पाणी सोडलं. गाडीचा जो बर्फाचा ठोकळा झाला, तो मार्चमध्ये सुटला. माणूस त्याआधीच गाव सोडून गेला.

लायल म्हणाला, घरात ठेच लागली.

तो बाहेर पडल्यावर बेकरीत खल सुरू झाला. एक जण म्हणाला, ऑपरेशन डाव्या गुडघ्याचं आणि लंगडतोय उजव्यानं, म्हणजे खरंच ठेच असेल. ऑगीनं पाव कापता कापता त्याला गप्प केलं. "खुळा का काय तू? डावा दुखतोय हे कळू नये म्हणून उजव्यानं लंगडतोय. मुरलेला आहे तो."

हे गावाला पटलं. बुधवारपर्यंत कोचच्या कानावर गेलं. लायलनं मग जिवाचा आटापिटा करून, दात आवळून, सरळ चालायला सुरुवात केली. तर कोच म्हणाला, चांगल्या गुडघ्याचा माणूस एवढं सरळ कशाला चालेल? गुरुवारी त्याला मैदानाच्या पायऱ्या चढायला लावल्या, गुडघ्याचे फोटो काढले. डॉक्टरनं गुडघा ठणठणीत असल्याचं सांगितलं. मग कोचला डॉक्टरचाच संशय यायला लागला. डॉक्टरची सासुरवाडी टेक्सासची आहे, हे त्याला तेव्हाच आठवलं.

शुक्रवारी लायलला खोलीत बोलावलं. टेबलावर विमानाचं तिकीट. कोच शांतपणे म्हणाला, वाईट वाटून घेऊ नकोस, गुडघा म्हटलं की असंच व्हायचं.

लायलनं उजवा बूट काढला, मोजा काढला. अंगठा जांभळा-काळा, सुजून टम्म.

"गुडघा नाही कोच. हा बघा. खुर्चीला लाथ मारली मी."

कोच उठला आणि आधी दार लावून आला.

"कोणाच्या खुर्चीला?"

"डोलोरेसबाईंच्या."

कोच मटकन खाली बसला. याच गावात वाढलेला माणूस तो. मग विचारलं, गुडघा खरंच चांगला आहे ना? लायलनं तिथंच डाव्या पायावर चार उड्या मारून दाखवल्या. कोचनं तिकीट फाडलं.

"पंधरा दिवसांत अंगठा बरा होईल. तोवर बाकावर बस, मग खेळ. पण नीट ऐक, लायल. गुडघा गेलेल्या खेळाडूला हे गाव मांडीवर घेऊन जेवू घालेल. खुर्ची हलवणाऱ्याला पाणीसुद्धा देणार नाही. आजपासून तुझा गुडघाच दुखतोय. डावा."

"तीन दिवस मी घसा फोडून सांगतोय, गुडघा चांगला आहे..."

"तुझ्यावर विश्वास कोणी ठेवला होता? आता ठेवतील."

शनिवारी दारावर टकटक झाली. डोलोरेसबाई स्वतः उभ्या, हातात कोबीच्या पानात खिमा भरून केलेल्या वळकट्यांचं भांडं. लायल डाव्या पायानं लंगडत दाराशी गेला. पण दुखत होता उजवा, त्यामुळं चाल अशी झाली की बाईंचे डोळे भरून आले.

"अरे देवा, दोन्ही बाजूंनी लंगडतोस की रे पोरा. बस बस. खाऊन घे."

लायलनं खाल्लं. बाई समोर बसून राहिल्या आणि खिडकीतून खाली बघत म्हणाल्या, "माझी खुर्ची मोडणारा मला सापडायचाच आहे. नवऱ्यानं स्वतःच्या हातानं केलेली, ओकच्या लाकडाची. ज्यानं लाथ घातली त्याचा अंगठा शाबूत नसणार, हे मी तुला लिहून देते. चढावरची सगळी घरं पालथी घातली मी. एकही माणूस लंगडत नाही."

लायल चावायचा थांबला.

बाईंची नजर हळूहळू खिडकीवरून त्याच्या पायांकडे आली. उजव्या पायात घरात घालायची ढगळ सपात होती, डाव्यात बूट.

"या गल्लीत लंगडणारा तू एकटाच," त्या सावकाश म्हणाल्या. "पण तुझा तर गुडघा आहे ना रे?"

"हो ना बाई," लायल म्हणाला आणि दोन्ही हातांनी तो ठणठणीत गुडघा चोळायला लागला. "पार गेलाय बघा."