पन्नीतला उजेड

भोजराज रामटेके यांनी बुद्धपौर्णिमेला विहारात, साऱ्या फुलचूर गावाच्या साक्षीने खर्रा सोडला होता. त्यामुळे त्यानंतरचा प्रत्येक खर्रा त्यांना न्हाणीत, दार लावून आणि दिवा न लावता घोटावा लागे. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घालून तळहातावर रगडायचं काम अंधारातही जमे. अडचण एवढीच, की पानठेल्यावरची पन्नी लवकर फाटायची. म्हणून लेकीच्या वहीत एक मऊ, जाडसर, दुधी पन्नी सापडली तेव्हा त्यांनी ती हक्काने खिशात घातली.

पहिल्याच घोटण्यात पन्नी हिरवी उजळली. भोजराज थांबले, तशी विझली. घासली, की पुन्हा हिरवी.

तंबाखूतच भेसळ असणार, असं धरून त्यांनी ठेला बदलला. नव्या ठेल्याचा खर्राही उजळला. चुना बदलून झाला, सुपारी बदलून झाली. मग त्यांना स्वतःच्या हातांचाच संशय आला आणि ते दवाखान्यात गेले.

"डॉक्टरसाहेब, हात चमकून राहिले माहे."

डॉक्टरांनी हात उलटेसुलटे पाहिले. आत्ता काही चमकत नव्हतं. ते घासल्यावर चमकतं, असं भोजराजनी सांगितलं. पण काय घासल्यावर, हे सांगायची सोय नव्हती. डॉक्टर त्यांच्या बायकोच्या, कलाबाईंच्या ओळखीचे. शेवटी डॉक्टरांनी झोपेची चौकशी केली आणि ताकदीच्या गोळ्या दिल्या. गोळ्यांनी उजेड कमी झाला नाही. काळजीने खर्रा मात्र वाढला.

बाराव्या दिवशी लेकीने, समीक्षाने, घर डोक्यावर घेतलं. ती नागपूरला संशोधन करायची आणि प्रबंध लिहायला घरी आली होती. तिच्या वहीतली फिल्म गायब होती. ही फिल्म दाब पडला की आपोआप उजळते. रुग्णाने दातांखाली धरून चावली, की कुठल्या दातावर किती जोर येतो त्याचं चित्र कॅमेऱ्यात मिळतं. दोन वर्षं खपून तिने तो एकच तुकडा बनवला होता आणि त्याच्यावर तिची पीएच.डी. अडली होती.

हात ठणठणीत असल्याचा आनंद मानावा, की लेकीचं वाटोळं केल्याचं दुःख, हेच भोजराजना कळेना. त्यांनी खिशातून तपकिरी पडलेली फिल्म काढून पुढे केली. समीक्षाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बाबा, काऊन घेतली तुमी?"

"मले वाटलं, पन्नी हाय."

कलाबाईंनी फिल्म नाकाशी नेऊन हुंगली. भोजराजना त्याचीच जास्त भीती वाटली.

समीक्षाने रडतरडत तिच्या मार्गदर्शकांना, हेमेंद्र सरांना, फोन लावला आणि तो सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. सर नागपूरचे, त्यामुळे खर्रा समजावून सांगावा लागला नाही. फिल्म अजून उजळते का, एवढंच त्यांनी विचारलं. समीक्षाने ती धुतली आणि न्हाणीत नेऊन घासली. पहिल्यासारखीच लख्ख उजळली.

सरांचा आवाज एकदम बदलला. वापराने अशी फिल्म मंद होते, हीच तर सगळी रड होती. हिने तीस हजार घासण्या सोसल्या असतील तर प्रबंध तरला. दिवस बारा, आणि एका खर्ऱ्याला साधारण दोनशे घासण्या धरू. मग दिवसाला खर्रे किती?

"दोन," भोजराज म्हणाले.

पाच हजारसुद्धा भरत नव्हते. सरांनी सुस्कारा सोडला. समीक्षाने मान खाली घातली, आणि ते काही भोजराजना बघवेना. त्यांनी एकवार बायकोकडे पाहिलं.

"अकरा," ते पुटपुटले.

तेही सव्वीस हजारांच्या आसपासच अडत होतं.

"चौदा लिव, समीक्षा," कलाबाई म्हणाल्या. "सकाळचे तीन हे धरूनच नाई राहिले."

आकडा तेहतीस हजारांवर गेला. समीक्षा डोळे पुसत हसली. सरांनी मात्र विचारलं, की हे प्रबंधात जाणार आहे, तर चौदा कोणी मोजले?

"मी मोजले," कलाबाई म्हणाल्या. "न्हाणीचं दार पातळ हाय."