साठ अनोळखी दारांवरील स्वारीची हकीकत

श्री. परक्या दारी हात उचलावयास बळ देणाऱ्या देवतेस नमन करून लिहिले ऐसीजे. शके १९४६, क्रोधी नाम संवत्सरी, ज्येष्ठमासी एका राज्यावर प्रसंग गुदरला. राज्य म्हणजे एक खोली, तीन शिलाई यंत्रे आणि चार बायका; गादीवर चंद्रकलाबाई, कारभारावर त्यांची भाची इंदुमती. आश्रयदाती एकच, मोठी शाळा. तिचे गणवेश शिवावे आणि सुखे नांदावे, ऐसी बारा वर्षे गेली. मग शाळेने तयार कपडे परमुलुखाहून आणविले आणि यंत्रे मुकी जाहली. खोली धाकट्या दिरांची, टायरवाल्या मनोहरपंतांची. ते येऊन बोलिले, "वहिनी, दसऱ्यापर्यंत काम आलं तर ठीक, नाहीतर इथे माझे टायर ठेवतो. ओळखीशिवाय कोण काम देतं?" बाईसाहेबांनी सुईत दोरा ओवीत उत्तर केले, "ओळख आईच्या पोटातून कोण घेऊन आलं, भावोजी? दसऱ्याला या."

मग मसलत बसली आणि ठरले की, शहरातील साठ हॉटेले व इस्पितळे, ज्यांनी आपले नावही ऐकिले नाही, त्यांस पत्रे धाडावी की आम्ही कामाचे कोट शिवतो, एक नमुना पाहावा. इंदुमतीने साठही पत्रे वळणदार अक्षरी लिहिली, पाकिटामागे फोन नंबर घातला, आणि शुभकार्याचे पहिले पत्र म्हणून घरच्या रीतीने प्रत्येक कोपऱ्यास हळदकुंकू लाविले. तेथेच घात जाहला. लोकांनी लग्नपत्रिका समजून पाकिटे न फोडिता बाजूस ठेविली, आठांनी फोन करून वधूवरांस आशीर्वाद दिले, आणि एका खानावळवाल्याने ब्लाउजपीस धाडिला. इंदुमती रडू लागली, "माझ्यामुळे गेलं सगळं, मावशी." बाईसाहेब बोलिल्या, "साठ टेबलांवर पोचलो ना आपण? डोळे पूस. पीस चांगला आहे, तुलाच शिवून घे."

आणि मग बाईसाहेबांनी खासा फोन हाती घेतिला. कोणी मध्येच ठेविला, कोणी "गरज नाही" म्हणाले, एक तर गुरकावला, "माझा नंबर कुठून मिळाला?" त्यास सांगितले, "तुमच्याच पाटीवरून. झाकून ठेवायचा होता." ऐसे करिता एका इस्पितळाच्या मेट्रन लागल्या. "आमचा शिंपी आहे, बाई."

"असू दे. त्याच्या कोटाची कॉलर किती धुण्यांत जाते?"

मेट्रनबाईंनी आवाज उतरविला. "तिसऱ्याच धुण्यात."

"मग माझा एक घ्या, फुकट. धुवा दहा वेळा. उसवला तर पुन्हा तोंड दाखवणार नाही."

कोट गेला, आणि बाईसाहेबांनी धीर धरिला, उरल्या तिघींसही धरविला. दसऱ्यास दोन दिवस राहिले असता मेट्रनबाईंचा फोन आला, "चौदा वेळा धुतला. मुद्दाम. कॉलर जागची हलली नाही. ऐंशी करा."

दसऱ्यास मनोहरपंत टायरांच्या मांडणीकरिता टेप घेऊन दाखल जाहले, तो खोलीत पांढऱ्या कापडाचे तागे रचिलेले. ते उंबऱ्यावरच थबकले आणि पुसते जाहले, "हे कोणाच्या ओळखीनं?"

"कोणाच्याच नाही. टेप आणलाच आहात, तर हे टोक धरा, भावोजी. कापायला घेतोय."

पंतांनी टोक धरिले.

सारांश, खोली राज्याकडे राहिली, टायर दुकानी राहिले, आणि उरल्या एकोणसाठांस पुन्हा फोन करावा ऐसा हुकूम सुटला.