टेक क्रियापदाची मोहीम आणि सुनेचे ऊन हात

शारदा प्रसन्न असो आणि परीक्षकही प्रसन्न असो, की दुसऱ्यावाचून पहिलीचा उपयोग नाही. शके एकोणीसशे चव्वेचाळीस, वैशाख मास. ते समयी आमचे राज्यात प्रज्ञाबाई तागडे नामे परिचारिका होत्या. सरकारी इस्पितळी बारा वर्षे चाकरी, हातास यश. यजमान हर्षदीपराव दोन वर्षांमागे गोऱ्या मुलुखी नोकरीस गेले, आणि बाईंनी पाठोपाठ जावे तर तेथील हुकूम ऐसा, की आधी इंग्रजी बोलून दाखवावे. दोन वेळा पराभव जाहला. तिसऱ्या वेळीही हुकले तर यजमानांनी बायकोस बोलावण्याची सरकारी मुदत सरणार, मग बाई इकडे आणि यजमान तिकडे. मग बाई डोईफोडे सरांचे क्लासास गेल्या. सर मोठे मुत्सद्दी. त्यांनी निवाडा दिला की टेक, म्हणजे घेणे, हे एक इंग्रजी क्रियापद साधले की किल्ला सर, आणि चाळीसही जणांस एकच उत्तर पाठ दिले: माझी आत्या आजारी पडली, मी तिचे टेंपरेचर टेक केले, केअर टेक केली, अखेर देवाने तिला टेक केले. प्रश्न सहलीचा येवो की सणाचा, स्वारी आत्येपाशी नेऊन उभी करावी. बाई म्हणाल्या, "सर, मला आत्याच नाही हो." सर बोलिले, "परीक्षेपुरती घ्या की! स्वतःचं डोकं लावलंत की आपटलात." आणि चाळीस कंठ रोज एका सुरात आत्येस मारू लागले.

परीक्षेचे दिवशी बाईंचा क्रम शेवटला. साहेबाने पुसिले, कोणासाठी काही केले असेल ते सांगा. जिभेवर आत्या तयार होती, परंतु डोळ्यांपुढे सासूबाई आल्या. अर्धांगाने तीन वर्षे अंथरुणास खिळल्या, बाईंनी ड्यूटी करून त्यांस न्हाऊ घातले, भरविले, आणि जाते दिवशी त्या म्हणाल्या होत्या, "पोरी, तुझे हात ऊन आहेत गं, असेच राहू दे." बाईंनी आत्येस बाजूस सारिले आणि हेच मोडक्यातोडक्या इंग्रजीत, आपल्या मनाने सांगितले. टेक जेथे यावयाचे तेथे आपणहून आले, आणि सांगता सांगता बाई रडल्या. साहेब आपले भाषेत म्हणाले, "मॅडम, ही आजारी बाई सकाळपासून एकोणचाळीस वेळा मेली. रडलात मात्र तुम्ही एकट्याच." आणि पाठांतर ऐसा शेरा मारून अवघ्या क्लासासंगे बाईंसही नापास केले.

मग सरांनी बाईंस बोलावून पुसिले, "नेमकं काय बोललात?" बाईंनी सांगितले. सर चष्मा पुसून म्हणाले, "वा, त्या हातांचं फार छान आहे," आणि लिहून घेतले, आणि पुढले बॅचेस आत्या काढून सासूबाई पाठ दिल्या. भाद्रपदात नवा परीक्षक आला, त्याचे डोळे पाणावले. त्या बॅचातील नीलांबरी कुटे पास जाहल्या. त्यांचे लग्नदेखील व्हावयाचे होते. पेढे घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "ताई, तुमच्या सासूबाईंमुळे झालं हो." बाईंनी पेढा घेतला. बोलावण्याची मुदत त्याच आठवड्यात सरली होती.

एवंच, सेवा एकीने केली आणि विमान दुसरीस मिळाले. लिहिणाराचा राग शमला नाही, कागद तेवढा सरला. नीलांबरीबाई हल्ली तिकडे चाकरीस आहेत, आणि हात कोणाचे ऊन होते हे तेथे कोणी पुसत नाही.