हवेच्या पिशव्यांवरची गाडी

संघपालचं वागणं त्याच्या आईला, सुंदराबाईंना, अलीकडे बघवत नव्हतं. घरातला कर्ता माणूस सकाळी उठून तोंड धुतो, चहा मागतो, पोरीची चौकशी करतो. हा उठल्या उठल्या लुंगीवरच फाटकाशी जायचा, जमिनीवर पालथा पडायचा आणि गाडीच्या पोटाखाली बघायचा. तेल गळलेलं नसलं की चहा गोड, गळलेलं असलं की बायकोच्या, मायाच्या, हाताला चव नाही.

"आजारी माणसाची लघवी तपासावं तसं तपासून राहिला," सुंदराबाई म्हणायच्या. सुनेला ऐकू जाईल आणि मुलालाही ऐकू जाईल, इतक्या हळू.

गाडी परदेशी होती. नागपूरच्या एका डॉक्टराने बारा वर्षं फिरवली आणि जिल्हा परिषदेत इंजिनिअर असलेल्या संघपालच्या गळ्यात मारली. एवढी मोठी गाडी एवढी स्वस्त कशी, हे सुंदराबाईंनी त्याच दिवशी विचारलं होतं. त्यांचं शिक्षण दुसरीपर्यंत, म्हणून कोणी उत्तर दिलं नाही. उत्तर गॅरेजवाला दर महिन्याला देऊ लागला. आधी काचा वरखाली करणारी मोटर गेली. मग एसी गेला. मग डिक्की उघडेना. ती उघडायला नागपूरहून लॅपटॉपवाला आला, त्याने गाडीला वायर जोडली, तिच्याकडे थोडा वेळ नुसतं बघितलं आणि एका बाळंतपणाचा खर्च घेऊन गेला.

पण खरं दुखणं खाली होतं. साध्या गाडीखाली लोखंडी स्प्रिंगा असतात. हिच्याखाली रबरी पिशव्या, आणि त्यांत हवा. पिशवी चिरली की गाडी म्हशीसारखी भुईला बसायची. एका पिशवीच्या पैशात खरी म्हैस आली असती, आणि ती निदान हाकलल्यावर उठली असती.

अशात दीक्षाचं स्थळ आलं. दीक्षा ही संघपालची एकुलती एक, दवाखान्यात नर्स. मुलगा अनुप, अकोल्याच्या अलीकडे बोरगाव मंजूच्या अंगाला घर आणि शेती. पोरापोरीनं एकमेकांना आधीच पसंत केलं होतं, राहिली होती घरच्यांची भेट. मध्यस्थ इंदूबाईंनी फोनवर बजावलं, "त्या घरात पोराच्या मायचं, सत्यवतीबाईचं चालते. तिचं एकच म्हणणं आहे, माणसं गरीब असली तं चालन, पण गाडीचा शौक असलेलं घर नको."

सुंदराबाईंनी फोन ठेवला. "ऐकलं ना? यष्टीनं जाऊ."

"गाडी घरी ठेवून यष्टीनं?" संघपाल म्हणाला. "मंग घेतली कायले?"

"थेच तं मी घेतल्या दिवसापासून विचारून राहिली."

घासाघीस होऊन असं ठरलं की गाडी न्यायची, पण घरापासून लांब उभी करायची आणि यष्टीनं आलो म्हणून सांगायचं. निघताना दीक्षा आजीच्या कानाशी आली. "आजी, काही बी कर. पण हे मोडू देऊ नको." एरवी तोंडाळ असलेली पोरगी एवढंच बोलली.

बडनेरा ओलांडलं आणि समोर पिवळा दिवा लागला.

"हा कायचा?"

"काही नाही माय. सेन्सर खोटं बोलते."

मूर्तिजापूरला लाल लागला.

"अन् हा?"

"हा खरं बोलते," संघपाल म्हणाला आणि रस्त्याच्या कडेला थांबला. बॉनेटमधून वाफ निघत होती. प्यायला घेतलेलं घरचं थंड पाणी गाडीने गटागटा पिऊन टाकलं. माया आणि सुंदराबाई कोरड्या घशानं बघत राहिल्या.

गावात शिरल्यावर शाळेमागच्या बोळात गाडी लपवली आणि तिघं धुळीतून चालत निघाली. घामाघूम अवतार बघून कोणालाही ती यष्टीतून उतरलेली वाटली असती. जयभीम झाला, पाणी आलं. सत्यवतीबाई उंच, सरळ बोलणारी बाई होती. तिने विचारलं, "कशानं आले?"

"यष्टीनं," तिघंही एका सुरात म्हणाली.

"गर्दी होती का?"

"पूरे उभ्यानं आलो," संघपाल म्हणाला.

"बसाले जागा भेटली," माया त्याच क्षणी म्हणाली.

"मी बसली, हा उभा होता," सुंदराबाईंनी निस्तरलं आणि पोह्यांचं कौतुक सुरू केलं.

बाकी मात्र सगळं जुळून आलं. अनुप खाली मान घालून नाही, समोर बघून बोलला. त्याचे वडील श्रावणजी गरीब गाईसारखे होते. बायको बोलली की ते हसायचे, बायको थांबली की थांबायचे. सत्यवतीबाईंना ही साधी, यष्टीनं येणारी माणसं इतकी आवडली की उठताना त्यांनी तुरीच्या दाळीचं अर्धं पोतं बाहेर काढलं.

"नको बाई, एवढं कसं नेऊ?" सुंदराबाई म्हणाल्या.

"आमच्या घरून पाहुणा रिकामा जात नसते. अनुप, घे खांद्यावर. फाट्यावर यष्टीत चढवून देऊ." आणि सगळं घर पोहोचवायला निघालं.

संघपाल आडवा आला. "तुमी कायले तकलीफ घेता? आमी जातो ना. अन् हा रस्ता नको, तिकडून जाऊ."

"तिकडं विहीर आहे," श्रावणजी म्हणाले. "फाट्याले हाच रस्ता आहे."

शाळेमागे गर्दी जमली होती. गाडीची हवा गेली होती आणि ती बोळात आडवीतिडवी पसरून बसली होती. तिच्यामागे कापसाने भरलेली ट्रॉली अडकली होती आणि ट्रॅक्टरवाला गजेंद्र ओरडत होता, "कोनाची आहे ही? कोन्या येड्यानं लावली?"

"काय माहीत बा, कोनाची असन," संघपाल आभाळाकडे बघत म्हणाला आणि गाडीच्या कडेकडेने पुढे सरकला.

चावी त्याच्या खिशात होती. दिवसभर एक काम धड न केलेल्या गाडीने मालक जवळ आलेला ओळखला. दोन्ही आरसे कान टवकारल्यासारखे उघडले, चारी दिवे मिचकले, दाराखालून उजेड पडला आणि कुलूप खट्कन उघडलं. संघपाल दोन पावलं मागे सरला तर दिवे विझले. पुढे आला तर परत लागले.

सगळं गाव संघपालकडे बघू लागलं. सत्यवतीबाई सुंदराबाईंकडे.

"आमचीच आहे," सुंदराबाई म्हणाल्या. "खोटं मी बोलाले लावलं. पोरीले यातलं काहीच माहीत नाही, तिच्यावर राग धरू नका."

तेवढ्यात खालून आवाज आला. श्रावणजी पांढरं धोतर सावरत जमिनीवर पालथे पडले होते आणि गाडीखाली बघत होते. सोयरीक पक्की व्हायच्या आधीच त्यांनी संघपालला व्याही करून टाकलं.

"इवाई, पुढची डावी पिशवी गेली. माही बी आधी हेच गेली होती."

सत्यवतीबाईंनी डोळे मिटून घेतले.

"माही?" सुंदराबाई म्हणाल्या. "माही म्हणजे? तुमच्या घरी बी हेच गाडी?"

सत्यवतीबाई त्यांचा हात धरून त्यांना सरळ घरामागच्या गोठ्यात घेऊन गेल्या आणि तिथली ताडपत्री ओढली. आत तीच गाडी होती, फक्त रंग वेगळा. चाकं मातीत रुतलेली. मागच्या चामड्याच्या सीटवर एक कोंबडी अंड्यांवर बसली होती आणि उजेड आत आल्याबद्दल रागावून बघत होती.

"जमीन संपादनाचे पैसे आले अन् यायनं हे आणली," सत्यवतीबाई म्हणाल्या. "आज तुमी येनार म्हणून झाकून ठेवली. मावशी, म्हणूनच म्हनलं होतं, गाडीवालं घर नको. दोन इवाई असे भेटले तं पूरं शेत इकून पिशव्या घेतीन."

"कसे घेतीन? आपुन दोघी काय मेलो?" सुंदराबाई म्हणाल्या. त्यांनी गोठ्याबाहेर बांधलेल्या बकऱ्यांकडे बघितलं. "बकऱ्या उघड्यावरच बांधता का?"

"काय करू? गोठा हिनं अडवला, रातच्या थंडीनं पिल्लं मरून राहिली."

सुंदराबाईंनी सीटवरच्या कोंबडीकडे बोट दाखवलं. मग दोघी हळू आवाजात बोलल्या. मग सत्यवतीबाईंनी कपाळावर हात मारून घेतला आणि हो म्हणून मान हलवली.

गजेंद्रने ट्रॅक्टरला दोर बांधून गाडी ओढत गोठ्यात आणली. संघपाल तिच्यामागे धावत आला. शर्टाला ग्रीस, चेहरा फुललेला.

"माय, यायच्या गाडीच्या मागच्या दोन्ही पिशव्या चांगल्या आहेत! दोन्ही मिळून एक गाडी उभी..."

"संघ्या, चूप बस अन् ऐक. सोयरीक पक्की झाली. पोरगी उन्हाळ्यात येईन ह्या घरी. गाडी आजच आली समज, आता वापस नाही. बकऱ्या राहतीन तिच्यात."

संघपालचा जीव गेल्यासारखा झाला. मग त्याला एकदम मुद्दा सापडला. "माय, पोरीच्या सासरी गाडी द्याची म्हणजे हुंडा झाला! आपल्या घरात हुंडा?"

सुंदराबाईंनी पदर खोचला आणि मुलाला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"हुंडा घेनाऱ्याच्या तोंडावर हासू असते. ह्या बाईचं तोंड पाह्य जरा. अशा चीजेले हुंडा नाही म्हणत रे, सजा म्हणते. थे तुही सजा तिनं भोगाची कबूल केली, पोरीच्या पायी. हात जोड तिले."